इंग्रजी शब्दाला भिऊ नका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला “चार शब्द बोला” असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. चकलीच्या भाजणीविषयी किंवा उन्हाळी वाळवणाविषयी बोलायचे असते तर गोष्ट वेगळी होती. पण विषय इंग्रजी शब्दांचा आणि बोलणारी सातवी पास! समोर शाळेत शिकवणाऱ्या भगिनी बसल्या आहेत, कॉलेजात जाणाऱ्या लेकीसुना आहेत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पण कार्यवाहबाई म्हणाल्या, “शिकलेल्या बाईने सांगितले की बायकांना वाटते, हे आपल्याला जमायचे नाही. तुम्ही सांगितलेत तर म्हणतील, यांना जमले, मग आपल्याला का नाही?” हे मला पटले, म्हणून उभी राहिले आहे. चुकेल तेथे सांभाळून घ्यावे.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल दोन कोसांवर आणि वाटेत ओढा. पावसाळ्यात मुलीला एकटी कोण पाठवणार? तेव्हा सातवीची परीक्षा झाली आणि दप्तर माळ्यावर गेले. त्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली. तोवर मी सासरी आले होते. म्हणजे माझे इंग्रजी तीन वर्षांचे. अक्षरे जुळवून दुकानाची पाटी वाचता येई, सही करता येई. पण लांबलचक शब्द पुढे आला की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जात. त्यात काही बिघडते आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटले नाही.

बिघडते हे कसे कळले, ते आधी सांगते. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. एकदा त्यांना दवाखान्यातून घरी सोडताना एक छापील कागद हाती दिला. कागद इंग्रजीत होता. “सगळे यात लिहिले आहे,” एवढेच सांगणे झाले, आणि पुढच्या रोग्याचे नाव पुकारले गेले. कागदावर दोन ठळक मथळे होते. एक ‘हायपोग्लायसेमिया’ आणि दुसरा ‘हायपरग्लायसेमिया’. आज मी हे शब्द तुमच्यापुढे घडाघडा म्हणते आहे, पण त्या दिवशी मला दोन्ही सारखेच दिसले. मी कागदाची घडी केली आणि औषधांच्या डब्यात ठेवून दिली.

आठवडाभराने एकादशी आली. सासूबाईंनी सकाळी सुई घेतली, पण उपवासाचे म्हणून दोन घास साबुदाणा खाल्ला आणि ताट सारले. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे भलतेच होऊ लागले. मी धावत जाऊन कागद काढला. पण आपल्या घरात ‘साखरेचा आजार’ म्हटले की साखर वाढली, एवढेच ठाऊक! त्या बिचाऱ्या म्हणत होत्या, “सूनबाई, गोड चहाचा घोट तरी दे गं.” आणि मी त्यांना म्हणत होते, “नाही आत्याबाई, साखर वाढली आहे, गोड मुळीच द्यायचे नाही.”

माझे नशीब बलवत्तर, म्हणून शेजारची सून विरजण मागायला आली. तिने कागद वाचला, सासूबाईंकडे पाहिले आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. पाण्यात तीन-चार चमचे साखर विरघळवून तिने ते त्यांना घोटघोट पाजले. पंधरा-वीस मिनिटांत सासूबाईंनी मला नावाने हाक मारली. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले, “साखर सत्तरच्या खाली गेली की असे होते. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर लगेच साखर द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचे नाही, थेट इस्पितळ गाठायचे. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते.” सासूबाईंनी त्यावरून मला आजतागायत एक शब्द बोलून दाखवलेला नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. औषध घरात होते, डब्यात साखर होती, कागदही हातात होता. अडले होते एका शब्दापाशी.

माझी मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती सुट्टीला आली तेव्हा मी तिला विचारले, “असले लांब लांब शब्द तुम्ही पाठ कसे करता गं?” ती म्हणाली, “आई, पाठ नाही करत, फोडतो.” कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मला तो शब्द फोडून दाखवला. हायपो म्हणजे खाली. हायपर म्हणजे वर. ग्लाय म्हणजे गोड. ग्लुकोजमधला ‘ग्लु’ तोच. शेवटचे एमिया म्हणजे रक्तात. रक्तातले गोड खाली गेले तर हायपोग्लायसेमिया, वर गेले तर हायपरग्लायसेमिया. बहिणींनो, मी बघतच राहिले. एवढा अक्राळविक्राळ शब्द, आणि आत पाहावे तर तीन साधे दाणे! शेंग सोलावी तसा तो सुटला.

पण मला भीती वाटली की उद्या हायपो कोणता आणि हायपर कोणता यातच गोंधळ व्हायचा. आमच्या गल्लीत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांना मी हे बोलून दाखवले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, हायपर तर आपलाच आहे! संस्कृतात ‘उपरि’, ग्रीकमध्ये ‘हायपर’, आणि त्याच ‘उपरि’पासून आपला मराठी ‘वर’ झाला. आणि हायपो म्हणजे आपला ‘उप’.” उपाध्यक्षाबाई समोरच बसल्या आहेत, त्यांनी राग मानू नये, पण अध्यक्षांच्या खालोखाल त्या उपाध्यक्ष, असे मी लक्षात ठेवले. हायपरमधला ‘पर’ म्हणजे ‘वर’. त्या दिवसापासून मी हे दोन शब्द कधी चुकले नाही.

आता तुम्ही विचाराल, इंग्रजी शब्द संस्कृताचा नातलग कसा? त्याचीही गोष्ट बाईंनी सांगितली. सर विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश कलकत्त्यास होते. त्यांनी १७८४ साली तेथे एशियाटिक सोसायटी काढली. तिच्या वर्धापनदिनी, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, त्यांनी एक भाषण केले आणि त्यात सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतके साम्य आहे की त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. पुढे पंडितांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला आणि या भाषांचे घराणे एक असल्याचे नक्की झाले. तेही वर्धापनदिनाचेच भाषण होते बरे का! म्हणून आज हा विषय येथे अगदीच अस्थानी नाही.

ग्रीक ही ग्रीस देशाची भाषा, आजही तेथे बोलतात. लॅटिन ही जुन्या रोमची; आता ती कोणाच्या घरी बोलली जात नाही, पोथीपुस्तकांत आणि धर्मकार्यात राहिली आहे. इंग्रजीत त्यांचे शब्द आले कसे? १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. तेव्हापासून पुष्कळ काळ दरबारात आणि कचेरीत फ्रेंच चालली, आणि फ्रेंच ही लॅटिनची लेक. विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहीत. वैद्यांनी ग्रीक शब्द उचलले. आपल्याकडे नाही का, घरात आपण पोटदुखी म्हणतो आणि वैद्यबुवांच्या पुस्तकात तिचे उदरशूल होते? तसेच इंग्रजांचे. दूध, पाणी, आई, भाकरी यांचे शब्द घरचे आणि आखूड. कचेरीचे आणि इस्पितळाचे शब्द बाहेरून आणलेले आणि लांब. भीती वाटते ती या दुसऱ्यांची.

तर काही मुळे आज येथे सोलून दाखवते. ‘टेली’ म्हणजे दूर. टेलिफोन म्हणजे दुरून येणारा आवाज, टेलिव्हिजन म्हणजे दूरचे पाहणे. आपले ‘दूरदर्शन’ हे त्याचे शब्दाला शब्द भाषांतर आहे. टेलिग्राम म्हणजे दुरून आलेले लिहिणे. आपली तार २०१३ साली बंद झाली, पण शब्दातला ‘टेली’ राहिला.

‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. स्टेशनवरचा पोर्टर आठवा. माल आत आणला की इम्पोर्ट, बाहेर नेला की एक्सपोर्ट. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. पलीकडे नेते ते ट्रान्सपोर्ट. १९४८ साली पुण्याहून नगरला पहिली धावली ती आपली एस.टी. म्हणजे तरी काय? स्टेट ट्रान्सपोर्ट! आपण तिच्यात बसून माहेरी जात होतो आणि तिच्या नावात बसलेले लॅटिन आपल्याला ठाऊक नव्हते.

‘स्क्राइब’ म्हणजे लिहिणे, आणि त्याचेच दुसरे रूप ‘स्क्रिप्ट’. ‘प्री’ म्हणजे आधी. औषध घेण्याआधी लिहून देतात ते प्रिस्क्रिप्शन. ‘सब’ म्हणजे खाली. खाली सही करून कबूल केलेली रक्कम म्हणजे सबस्क्रिप्शन, अर्थात आपली वर्गणी. ज्यांची राहिली असेल त्यांनी आजच कोषाध्यक्षाबाईंकडे द्यावी, म्हणजे शब्द चांगला पाठ होईल.

‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे. संस्कृतातला ‘पश्य’ त्याचा भाऊ. त्यावरून स्पेक्टेकल्स म्हणजे चष्मा, आणि आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. ‘री’ म्हणजे पुन्हा. रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा पाहणे. ज्या माणसाकडे वळून पाहावेसे वाटते त्याचा आपण मान राखतो, हा अर्थ मला फार आवडला.

आणि आपले नातलग तर किती सांगू! डेंटिस्टमधला ‘डेंट’ म्हणजे दंत. नाकात घालायच्या औषधावर ‘नेझल’ लिहिलेले असते, ती आपली नासिका. थर्मामीटरमधला ‘थर्म’ म्हणजे उष्णता; संस्कृतात तोच ‘घर्म’ आणि मराठीत त्याचाच ‘घाम’ झाला. ‘मीटर’मध्ये आपल्या मोजमापातला ‘मा’ आहे. महिन्यांची नावे पाहा: सप्टेंबरात सप्त, ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव, डिसेंबरात दश. मग सप्टेंबर नववा महिना कसा? तर रोमन लोकांचे वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, आपल्या चैत्राच्या आसपास. तेथून मोजले की सप्टेंबर बरोबर सातवा येतो.

काही शब्द तर पोर्तुगीजांच्या हातून आपल्या स्वयंपाकघरातच येऊन बसले आहेत. वड्याबरोबरचा पाव घ्या. पोर्तुगीजांनी तो आणला, आणि त्यांचा शब्द आला लॅटिनमधल्या ‘पानिस’वरून, म्हणजे भाकरी. ‘कॉम’ म्हणजे बरोबर. बरोबर बसून भाकरी खाणारे ते ‘कंपनी’! म्हणजे पाव आणि कंपनी एका घरची. आपली चावीसुद्धा पोर्तुगीज, आणि तिचे मूळ लॅटिन ‘क्लाविस’. एक्स-रेच्या कागदावर गळ्याखालच्या हाडाला ‘क्लॅव्हिकल’ लिहितात. त्याचा अर्थ छोटी चावी.

आता इस्पितळात चला, कारण खरी गरज तेथेच लागते. मोठ्या इस्पितळात शिरले की पाट्याच पाट्या दिसतात. शेवटी ‘लॉजी’ असेल तर ते त्या विषयाचे शास्त्र. कार्डिओ हृदय, नेफ्रो मूत्रपिंड, न्यूरो मज्जातंतू, डर्मा कातडी, गायनॅको स्त्रियांचे, ऑप्थल्मो डोळे. एवढी सहा मुळे येत असली तर रोग्याला घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर हिंडावे लागत नाही. शेवटी ‘आयटिस’ आले की समजावे, कोठेतरी दाह किंवा सूज आहे. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस ही नावे आपण ऐकतोच. ‘आर्थ्रो’ म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रायटिस.

आणि आपल्या बायकांच्या रोजच्या ओळखीचा शब्द, अ‍ॅनिमिया. ‘अन्’ म्हणजे नाही. अनादर, अनोळखी यांतला जो आपला ‘अन्’, तोच हा. पुढे रक्त. अक्षरशः अर्थ ‘रक्त नाही’, म्हणजे रक्ताची कमतरता. घरातल्या सगळ्यांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणाऱ्या बाईच्या तपासणीच्या कागदावर हा शब्द पुष्कळदा असतो, आणि ती तो न वाचता घडी करून ठेवते. मीही ठेवला होता, म्हणून सांगते.

मात्र एक इशारा दिल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. मुळे फसवतातही. पेडल, पेडेस्ट्रियन यांतले ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय, आपला पाद. म्हणून मला वाटले, पेडिअ‍ॅट्रिक म्हणजे पायांचे डॉक्टर. मुलगी पोट धरून हसली. तेथले ‘पेड’ ग्रीक, म्हणजे मूल. ते मुलांचे डॉक्टर! मग ऑर्थोपेडिकमध्ये तरी पाय असेल, म्हटले, तर तेथेही मूलच निघाले. १७४१ साली निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने मुलांची वाकडी हाडे सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिले. ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ. आज ते डॉक्टर आजोबांचेही हाड बसवतात, पण नावात मूल राहिले ते राहिलेच.

दुसरी फसगत याहून वाईट. ‘इन’ म्हणजे पुष्कळ ठिकाणी ‘नाही’. व्हॅलिड म्हणजे चालणारे, इनव्हॅलिड म्हणजे न चालणारे. पण गॅसच्या आणि पेट्रोलच्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. तेथला ‘इन’ नकाराचा नाही. त्याचा अर्थ पेट घेत नाही असा नसून चटकन पेट घेणारे, असा आहे! अर्धवट ज्ञानाने कोणी त्याच्याजवळ काडी ओढली तर काय होईल? म्हणून मी माझ्यापुरता नेम केला आहे. मुळावरून अंदाज करायचा, आणि मग शब्दकोशात पाहून किंवा जाणत्याला विचारून खात्री करायची. मूळ कळले की गल्ली सापडते; घर विचारूनच गाठावे लागते. औषधाच्या बाबतीत तर नुसत्या अंदाजावर कधीच जाऊ नये.

माझी रीत अगदी साधी आहे. मुलीच्या जुन्या वहीची कोरी पाने शिवून मी एक वही केली. पानावर चार रकाने पाडले: मूळ, त्याचा अर्थ, त्यापासून झालेले तीन शब्द, आणि मराठी-संस्कृत नातलग असल्यास तो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक मूळ म्हणायचे. नवे शब्द शोधायला कोठे जावे लागत नाही. औषधाची बाटली, विजेचे बिल, बँकेचा फॉर्म, नातवंडांची पुस्तके, सगळीकडे ते पडलेले असतात. दीड वर्षात माझ्या वहीत एकशे चाळीस मुळे झाली. इंग्रजी बोलायला मला अजून येत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. पण कागद पुढे आला की आता डोळे पळत नाहीत.

गेल्या वर्षी माझीच तपासणी झाली. कागदावर ‘हायपोथायरॉइडिझम’ असे आले. मी डॉक्टरांना विचारले, “म्हणजे थायरॉइड कमी पडते आहे ना? किती कमी आहे? गोळी उपाशीपोटी घ्यायची का?” डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते, त्यांनी मान वर केली, लेखणी ठेवली आणि पाच मिनिटे मला नीट समजावून सांगितले. ते आधीही वाईट नव्हते. पण विचारणाऱ्यालाच उत्तर मिळते, आणि विचारायला आधी शब्द कळावा लागतो.

तो दवाखान्याचा जुना कागद आता आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर चिकटवला आहे. त्याच्याखाली मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: “हायपो म्हणजे खाली, साखर द्या. हायपर म्हणजे वर, गोड नको, डॉक्टरांना विचारा.” सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवतात आणि म्हणतात, “आमच्या सूनबाईने लिहिला आहे.” मला लाजल्यासारखे होते, पण कागद मी काढत नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर महिन्याच्या सभेला प्रत्येकीने घरातला न कळलेला एक शब्द चिठ्ठीवर लिहून आणावा. आपल्यात शिक्षिका आहेत, संस्कृत जाणणाऱ्या बाई आहेत, कॉलेजातल्या मुली आहेत. भजन झाल्यावर अर्धा तास बसून आपण तो शब्द मिळून सोलू. मिळून पापड लाटतो, तसे हेही काम हातोहात होईल. आणि कोणाकडे दवाखान्याचा कागद घडी करून ठेवलेला असेल, तर पहिली चिठ्ठी त्याचीच आणावी.